लस, तपासणी, संशोधन आणि मोबाईलवर फिरणारे मेसेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी धाराशिव जिल्ह्यातली, चौदा वर्षं झाली लॅबमध्ये काम करते. बचत गट, शाळेतल्या पालक सभा, आशाताईंच्या मीटिंगा, जिथं बोलवतील तिथं जाते आणि दर वेळेस तेच प्रश्न येतात, कुणी रागानं विचारतं, कुणी घाबरून, कुणी बाजूला घेऊन हळूच. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. ग्रुपवर टाकायचं तर बिनधास्त टाका, फक्त अर्धं कापून टाकू नका, अर्धं कापल्यानंच निम्मे घोळ होतात.

संशोधन वगैरे तिकडं मुंबई-अमेरिकेत होतं, आमचा काय संबंध?

लई जवळचा संबंध आहे. १९९९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था, असे सगळे त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे ते चार भागात वाटले. एका भागात एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्याची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, तिसऱ्यात पातळ ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यानं बघायचं, म्हणजे आपल्या स्वयंपाकातल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच, खराब जागा असली की ती पांढरी पडते. चौथ्या भागात तपासणी नाही, एरवी जे चालतं तेच. मग आठ वर्षं सगळ्यांची नोंद ठेवली, कुणाला कॅन्सर निघाला, निघाला तेव्हा किती पुढं गेला होता, कोण वारलं.

निकाल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, डॉक्टर शंकरनारायणन आणि त्यांच्या सोबतच्यांचा. एचपीव्ही तपासणी झालेल्या भागात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, तपासणी न झालेल्या भागात ६४, आणि दोन्हीकडं बायका तीस-चौतीस हजारच होत्या. आयुष्यात एकदा केलेली एक तपासणी आणि मरणं जवळपास निम्म्यावर. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्या देशांना सांगितलं की आधी एचपीव्ही तपासणी करा, त्याच्या पुराव्यात आपल्या शेतात खुरपणाऱ्या बायका आहेत.

माझी मावशी त्यातलीच एक. मध्यंतरी तिच्या ओसरीवर बसून मी तिला हे आकडे मराठीत वाचून दाखवले. ती शेंगा फोडत होती, हात थांबला, आणि म्हणली, "त्या चौसष्टातल्या कोण कोण होत्या गं?" मला काही बोलता आलं नाही. अभ्यासात नावं छापत नाहीत. पण हा आकडा कुठंही सांगताना मला मावशीचा तो थांबलेला हात दिसतो.

म्हणजे आपल्या बायकांवर प्रयोगच केले ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधीच गप्प बसवत नाही, तुम्हीही बसवू नका. चौथ्या भागातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, असा सवाल डॉक्टरांनीच केलाय, नियतकालिकात, स्वतःच्या नावानं. तपासणीचा फायदा होतो हे माहीत असताना एक गट तसाच का ठेवला, हे त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की त्या काळी आपल्याकडं खेड्यात अशी तपासणी सरकारी पातळीवर चालूच नव्हती, म्हणजे कुणाचं असलेलं काही काढून घेतलं नाही, आणि तुलनेला गट नसता तर तपासणीनं खरंच जीव वाचतात का हे ठामपणे सांगताच आलं नसतं. मला दोन्ही समजतं, आणि तरी मला वाटतं की टीका करणाऱ्यांनी तो सवाल केला हे बरंच केलं. पुढं २०१६ मध्ये केंद्र सरकारनं ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी ॲसिटिक ॲसिडची तपासणी करायची असं धोरण काढलं.

पण माझ्या मोबाईलवर मेसेज आला होता की "खेड्यातल्या बायकांना कॅन्सर टोचला". हे धादांत खोटं आहे, त्या अभ्यासात कुणाला काही टोचलंच नव्हतं, नमुना घेतला होता. टीका आणि अफवा दोन्ही रागातूनच येतात म्हणून वरून सारख्या दिसतात. टीका करणारा नाव सांगतो, नेमकं काय चुकलं ते सांगतो आणि समोरच्याला उत्तर द्यायला जागा ठेवतो. अफवेला ना नाव ना गाव ना तारीख.

एचपीव्ही लसीनं मुली मेल्या म्हणायलेत. खरं का?

याचं उत्तर लांब आहे, थोडा दम धरा, कारण यात एक गोष्ट खोटी आणि एक खरी आहे आणि दोन्ही एकमेकीत गुंतल्यात.

२००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातला खम्मम जिल्हा आणि गुजरातमधला वडोदरा, इथं मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प चालू होता. त्या काळात ७ मुलींचे मृत्यू झाले, ओरड झाली आणि एप्रिल २०१० मध्ये सगळं थांबवलं. चौकशी झाली, एकीला साप चावला होता, एक पाण्यात बुडाली होती, विषारी औषध पिऊन झालेले मृत्यूही होते, लसीशी संबंध सापडला नाही. ही झाली खोटी गोष्ट.

आता खरी. खम्ममकडं बऱ्याच मुली आश्रमशाळेत, हॉस्टेलवर राहणाऱ्या होत्या आणि दोन हजारांहून जास्त संमती फॉर्मवर आईबापाच्या जागी हॉस्टेल वॉर्डनची सही निघाली. संसदेच्या समितीनं २०१३ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले आणि ते ओढायलाच पाहिजे होते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाची लेकरं हॉस्टेलवर ठेवणाऱ्या आपल्या भागाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या लेकरासाठी सही दुसऱ्यानंच ठोकली हे कळल्यावर कुठली माय पुढचं काही ऐकून घेईल? लसीनं मेल्या हे खोटं इतकं पसरलं ते या खऱ्या चुकीच्या खांद्यावर बसून पसरलं. म्हणून मी म्हणते, संशोधनाची अब्रू सांभाळायची तर सुरुवात फॉर्मवरच्या सहीपासून करा, व्हॉट्सॲपवाल्यांना शिव्या नंतर द्या.

आणि पुढचं बघा. त्याच वेळी देशात नऊ ठिकाणी, त्यात आपली बार्शीही होती, दुसरा एक अभ्यास चालू होता की लसीचे तीन डोस द्यायचे का दोन पुरतात. सरकारनं सगळंच थांबवल्यामुळं तोही अर्ध्यात बंद पडला आणि हजारो मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. संशोधकांनी त्या मुलींना सोडून दिलं नाही, दहा वर्षं त्यांची तपासणी चालू ठेवली. २०२१ मध्ये निकाल आला, एका डोसनंसुद्धा कॅन्सर करणाऱ्या मुख्य दोन प्रकारच्या विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून साधारण ९५ टक्के संरक्षण मिळालं, दोन-तीन डोसवाल्या मुलींएवढंच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालतो असं सांगितलं त्यात या मुलींच्या रक्ताचा हिशोब आहे. गरीब देशांसाठी एक डोस आणि तीन डोस यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

लस घेतली की पोरगी वांझ होते का?

नाही. लसीत विषाणू नसतोच, त्याच्या वरच्या टरफलासारखं एक प्रोटीन असतं, त्यानं संसर्गही होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखाद्या पोरीला चक्कर येते, म्हणून लस दिल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. जपानमध्ये अशाच भीतीपायी २०१३ मध्ये सरकारनं लसीची शिफारस करणं थांबवलं, सत्तर टक्क्यांच्या आसपास घेतली जाणारी लस एक टक्क्याच्या खाली आली, आणि शिफारस परत सुरू व्हायला २०२२ उजाडलं. मधल्या नऊ वर्षांतल्या पोरी आता बाया झाल्यात.

पेपरला छापून आलं म्हणजे खरंच असणार ना?

इथं पहिला गोंधळ शब्दाचाच आहे. आपण वर्तमानपत्रालाही पेपर म्हणतो, परीक्षेलाही पेपर म्हणतो आणि संशोधक लोक त्यांच्या शोधनिबंधालाही पेपरच म्हणतात. मेसेजमध्ये "पेपरमध्ये सिद्ध झालंय" असं आलं की आधी विचारा, कुठला पेपर.

आणि शोधनिबंध असला तरी छापला म्हणजे खरा असं नाही. १९९८ मध्ये लॅन्सेटसारख्या नावाजलेल्या नियतकालिकात वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरचा निबंध आला, फक्त १२ मुलांवरचा, की गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी, म्हणजे मुलांच्या बोलण्या-मिसळण्यात अडचण येते त्या स्थितीशी, संबंध आहे. ब्रायन डिअर नावाच्या पत्रकारानं खोदून काढलं, मुलांच्या नोंदीच फिरवलेल्या होत्या. २०१० मध्ये निबंध मागं घेतला, डॉक्टरची नोंदणी गेली. मागं घ्यायला बारा वर्षं लागली हे फार झालं. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास आला, काही संबंध नाही. तरी आपल्याकडं गोवर-रुबेलाच्या मोहिमेत मला हे ऑटिझमचं ऐकायला मिळालंय, म्हणजे तिकडं गाडलेलं इकडं अजून चालतंय.

कोरोनाच्या वेळी उलट झालं. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या मलेरियाच्या औषधानं कोरोनाचे पेशंट जास्त दगावतात असा ९६ हजार पेशंटचा निबंध २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागं घेतला, कारण मूळ डेटा मागितला तर तो पुरवणारी कंपनी दाखवायला तयार नव्हती. तेरा दिवस. तेवढ्यातही कितीतरी ठिकाणी त्या औषधाच्या ट्रायल, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या, थांबल्या होत्या. आणि २०१८ मध्ये भारतातल्याच एका नियतकालिकात एचपीव्ही लसीमुळं स्वीडनमध्ये कॅन्सर वाढला असा लेख आला होता, नंतर निघालं की लेखकाचं नावच खोटं आहे आणि ज्या संस्थेचं नाव लावलं तिथं असा माणूसच नाही. तोही मागं घेतला.

मग एवढ्या चुका होतात तर विश्वास कशाला ठेवायचा?

आमच्या लॅबच्या रजिस्टरचं सांगते. नोंद चुकली तर व्हाईटनर लावायचं नाही, गिरवून काळं करायचं नाही, पान तर फाडायचंच नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. मी नवीन पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवते. एखादं रजिस्टर वर्षभर एकही रेघ नसलेलं, कोरं करकरीत दिसलं तर मला त्याचीच जास्त शंका येते.

निबंध मागं घेणं म्हणजे ती आडवी रेघ. सगळ्यांसमोर मारलेली. व्हॉट्सॲपच्या मेसेजवर अशी रेघ कधी बघितली का तुम्ही? "मागच्या महिन्यात पाठवलेलं चुकीचं होतं, माफ करा" असा फॉरवर्ड मला तरी अजून आलेला नाही. म्हणून माझा विश्वास चूक न करणाऱ्यावर नाही, कारण तसा कुणी नसतो, माझा विश्वास रेघ मारणाऱ्यावर आहे. आणि कोरोनात "आज एक सांगतात उद्या दुसरंच" म्हणून सगळे वैतागले होते, मीही वैतागले होते, पण निम्मं तरी ते रेघ मारणंच होतं, फक्त आपल्याला ते नीट समजावून कुणी सांगितलं नाही.

निबंध मागं घेतलाय का, ट्रायल खरी आहे का, हे आमच्यासारख्यानं कसं बघायचं?

निबंधाचं नाव इंग्रजीत गुगलला टाका, मागं घेतला असेल तर बहुतेक वेळा नावाच्या आधीच "रिट्रॅक्टेड" असं येतं. रिट्रॅक्शन वॉच म्हणून २०१० पासून काही पत्रकार हेच काम करतात, त्यांची मागं घेतलेल्या निबंधांची यादी फुकट बघता येते. औषधाची भारतात ट्रायल झाली असं कुणी म्हणत असेल तर सीटीआरआयचा नंबर मागा, ही ट्रायलची नोंदवही, आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची, २००७ ला सुरू झाली आणि जून २००९ पासून ट्रायलची आधी नोंद करणं बंधनकारक आहे. आधी हा शब्द महत्त्वाचा, कारण काय मोजणार हे अगोदर लिहून ठेवलं की नंतर सोयीचं तेवढंच दाखवता येत नाही. नोंद असली म्हणजे औषध चांगलं असं मात्र नाही, नोंद म्हणजे फक्त सुरू केल्याची पावती. हे स्वतःला जमत नसेल तर कॉलेजला जाणाऱ्या पोराला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

पैसे देऊन निबंध छापतात म्हणे?

छापतात. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त निबंध मागं घेतले गेले, त्यातले आठ हजारांवर एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे, बरेचसे कारखान्यातून काढल्यासारखे बनवून विकलेले. पैसे घेऊन छापणं म्हणजे सगळंच खोटं असं नाही, चांगली नियतकालिकंही फी घेतात, पण पैसे दिल्यावर चार दिवसांत काही न विचारता छापत असतील तर समजून जा.

यावर मला जवळून बघितलेली गोष्ट सांगायचीय. एक विद्यार्थी आला होता, चांगल्या घरचा, हुशार. हिमोग्लोबिनच्या ६० नोंदी पाहिजे होत्या, नमुने जमले होते ३८. म्हणला, मॅडम उरलेल्या २२ तुमच्या अनुभवानं भरून द्या ना, तुम्हाला अंदाज असतोय. स्वतःही सहा-सात भरून आणल्या होत्या. मी त्याला त्या वाचून दाखवल्या, १०.५, ११, ११.५, १०, १२. मग मशीनच्या खऱ्या दाखवल्या, ९.७, ११.३, १०.८, ८.४, १२.१. त्याला लगेच दिसलं. माणूस मनानं लिहितो तेव्हा हात गोल आकड्याकडं जातो. तो वाईट पोरगा नव्हता, तारीख डोक्यावर, गाईडचा फोन, घरून पैसे संपायलेत असं सगळं होतं. मी सांगितलं, ३८ वरच लिही आणि ३८ का झाले तेही लिही. त्यानं लिहिलं. संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाईला शिकणाऱ्या सगळ्या पोरापोरींना माझं हात जोडून सांगणं आहे, कमी नमुन्याचा खरा निबंध चालतो. त्या भरलेल्या २२ आकड्यांवर विसंबून उद्या कुणीतरी गरोदर बाईच्या गोळ्या ठरवणार आहे.

आमच्या भावकीत दोघींना "पिशवी काढा नाहीतर कॅन्सर होईल" म्हणून सांगितलं. हे खरं असतं का?

ही चुकीची माहिती मोबाईलवरून नाही, खुर्चीवर बसलेल्या माणसाकडून येते म्हणून जास्त घातक. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, कितीतरी तरुण वयात. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती. अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास, यावर आधी तपासणी असते, औषध असतं. कॅन्सरचं नाव काढलं तर रिपोर्ट मागा. रिपोर्टशिवाय पिशवी काढायची घाई कुणी करत असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन दुसरं मत घ्या, दोन दिवसांनी काही बिघडत नाही. ज्या जिल्ह्याच्या शेजारी हे सिद्ध झालं की साध्या तपासणीनं जीव वाचतो, तिथं त्याच कॅन्सरची भीती घालून पिशव्या काढल्या जाव्यात याचा मला संताप येतो.

व्हिडिओत तर मोठे डॉक्टर स्वतः बोलतायत की!

आता चेहरा आणि आवाज दोन्ही बनवता येतात, नामांकित डॉक्टरांचे असे बनावट व्हिडिओ निघालेत. शेवटी एखादी बाटली किंवा पावडर विकत असेल तर तिथंच थांबा. शुगर, कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, मग ते आयुर्वेदिक असो नाहीतर ॲलोपॅथी. हे आयुर्वेदाच्या विरोधात नाही, तिथंही पुरावा मागा, एवढंच.

घरातल्या मोठ्या माणसांना कसं सांगायचं? ऐकतच नाहीत.

माझे सासरे, आम्ही दादा म्हणतो, त्यांनी एका मेसेजवरून शुगरच्या गोळ्या बंद करून काढा चालू केला. तीन आठवडे कुणाला पत्ता नाही. मला कळलं तेव्हा तोंडावर आलं होतं खूप काही, पण वाद घातला असता तर त्यांनी चोरून घेतला असता. मी म्हणलं दादा, काढ्यानं फरक पडला का बघू, उद्या उपाशीपोटी लॅबला चला. उपाशीपोटी शुगर ३१२ आली. जुना रिपोर्ट काढला, गोळ्या चालू असतानाचा, १३८. दोन्ही कागद त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि चहा आणायला गेले. परत आले तर म्हणाले, गोळ्यांची चिठ्ठी कुठंय. ज्यानं मेसेज पाठवला त्या मित्रालाही त्यांनी स्वतःच फोन केला, त्यांनी केला म्हणून त्या मित्रानं ऐकलं, माझं ऐकलं नसतं.

चारचौघात, ग्रुपवर खोडून काढू नका, माणूस अडून बसतो. वैयक्तिक फोन करा.

गावात सर्व्हेवाले आले, रक्त द्या सही करा म्हणले तर काय विचारायचं?

कोणत्या संस्थेचे, एथिक्स कमिटीची (संशोधनात माणसांवर अन्याय होऊ नये हे बघणारी समिती) परवानगी आहे का, रक्त कशासाठी, माझा रिपोर्ट मला मिळणार का, नको वाटलं तर मधेच सोडता येतं का (येतं, तो तुमचा हक्क आहे), त्रास झाला तर फोन कुणाला करायचा. फॉर्म मराठीत मागा आणि एक प्रत स्वतःकडं ठेवा, खम्ममसारखं आपल्या लेकरासाठी दुसऱ्या कुणाला सही करू देऊ नका.

आणि अजून एक विचारा, जे सहसा कुणी विचारत नाही. मी बारावीला असताना माझ्या माहेरी एक टीम आली होती, घरोघरी रक्त घेतलं, बिस्किटं वाटली, गेले. कशात काय निघालं ते सांगायला परत कुणी आलं नाही. वर्षभरातच गावात बोलबाला झाला की रक्त विकलं. आज मला माहितेय की चार-पाच मिलीचं रक्त कुणी विकत घेत नाही, ते कुठल्यातरी इंग्रजी निबंधात जाऊन बसलं असणार. पण निबंध इंग्रजीत तिकडं गेला आणि अफवा मराठीत घरी आली, मग लोकांनी कशावर विश्वास ठेवायचा होता? पुढं पोलिओवाल्या सिस्टरलासुद्धा आमच्या गल्लीत दोन घरांनी दार उघडलं नव्हतं.

म्हणून विचारा, सगळ्यांचा मिळून निकाल सांगायला गावात कधी येणार, आणि मराठीत सांगणार का. मागच्या वर्षी एका गावात ॲनिमियाच्या सर्व्हेला मी सोबत होते, तिथं एका आजीनं हे विचारलं आणि उत्तर येईपर्यंत अंगठा द्यायला नाही म्हणली. टीमच्या डॉक्टरीण बाईंनी जरा विचार केला, मग फॉर्मच्या मागच्या बाजूला पेननं लिहून दिलं, दिवाळीनंतर, ग्रामपंचायतीत, आणि खाली सही केली. आल्या त्या, दिवाळीनंतर तिसऱ्या आठवड्यात. आजी पहिल्या रांगेत तो कागद घेऊन बसली होती.